घड्याळाचा खिळा

नव्या घरात राहायला येऊन आबांना तीस दिवस झाले होते आणि हे तीसही दिवस त्यांचं घड्याळ चादरीत गुंडाळून हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर उभं होतं. लंबकाचं घड्याळ. उंची अडीच फूट, वजन नऊ किलो. आबांनी ते निवृत्तीच्या आधी कारखान्याच्या काट्यावर स्वतः तोलून आणलं होतं, त्यामुळे या आकड्याबद्दल घरात कुणी वाद घालत नसे.

"बुधवारी ड्रिलवाला येतोय बाबा," असं मुलगा दर सोमवारी सांगायचा. त्यानंतर बुधवार यायचा, ड्रिलवाला यायचा नाही.

आबा अवजारांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक पाना, प्रत्येक पट्टी मापून बघायची आणि "सूतभर कमी आहे" असं म्हणून परत पाठवायची, हे काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण आबा केसाएवढा फरकही सूतभरच म्हणत, म्हणून कारखान्यात त्यांना सगळे 'सूतभर' म्हणूनच ओळखत. निवृत्त झाल्यावर मापायला कारखाना उरला नाही, तेव्हा त्यांनी जग मापायला घेतलं. नवं घर त्यांनी पहिल्या आठवड्यातच मापून टाकलं. न्हाणीघराचं दार सूतभर वाकडं, हॉलचा कोपरा काटकोनात नाही, आणि भिंती... भिंतींबद्दल तर बोलायलाच नको. अर्थात ते बोलत, आणि दिवसभर बोलत.

"जुन्या घरी भिंतीवर टकटक केलं की बोट दुखायचं," ते पेरानं भिंत वाजवून सांगायचे. "इथं भिंतीलाच दुखतं."

"पण इथं लिफ्ट आहे ना," माई म्हणायच्या.

आबांच्या या सौभाग्यवतींना नव्या घरातलं दुसरं काही आवडो न आवडो, लिफ्ट फार आवडली होती. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्यांवर. त्या पायऱ्या चाळीस वर्षं चढून माईंच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. आता त्या दिवसातून दोनदा काही काम नसताना लिफ्टनं खाली जाऊन वर यायच्या. आबांना मात्र त्या पायऱ्यांचंही कौतुक होतं. "चोपन्नच्या चोपन्न एकाच उंचीच्या," ते म्हणायचे. "एक सूत इकडंतिकडं नाही." आपला तो बाब्या, दुसरं काय.

आणि या सगळ्या कौतुकाचा कळस म्हणजे घड्याळाचा खिळा. संसाराच्या पहिल्या वर्षी घड्याळ घेतलं, तेव्हा त्याच्यासाठी आबांनी जुन्या घराच्या भिंतीत स्वतः खिळा ठोकला होता. तीन तास लागले. चार खिळे वाकले. पाचवा बसला, तो असा बसला की चाळीस वर्षं हलला नाही. ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकावी लागे. मग तो पाहुणा असो, मीटर बघणारा असो, की पत्ता चुकून आलेला असो. आबा सांगायला लागले की माई खाली मान घालून हसायच्या. तेच तेच ऐकून हसू येत असेल, असं सगळे समजत.

जुनं घर सोडताना आबांनी मुलाला एक अट घातली होती. "हे घड्याळ ज्या भिंतीवर टिकेल त्या घरात मी राहीन. नाही टिकलं, तर किल्ली द्यायची नाही. आम्ही दोघं परत जाऊ." मुलगा हसून "बरं" म्हणाला होता. घड्याळ लावायला कितीसा वेळ लागतो, असं त्याला वाटलं होतं. आता जुन्या घराच्या विक्रीच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. गिऱ्हाईक होतं एक चष्म्याचे दुकानदार, आणि ते आज, रविवारी, संध्याकाळी पाचला किल्ली घ्यायला जुन्या घरी येणार होते.

सकाळी मुलगा आणि सूनबाई भाजी आणायला गेले. माई स्वयंपाकघरात होत्या. आबांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात त्यांची हातोडी होती, आणि चाळीस वर्षांपूर्वी वाकलेल्या चार खिळ्यांपैकी एक, सरळ करून, तेल लावून ठेवलेला. सहा इंची. त्यांनी पट्टी लावली, पेन्सिलीनं फुली मारली, खुर्चीवर चढले आणि हातोडी उचलली. दोष द्यायचाच तर एवढाच देता येईल, की त्यांनी ती जुन्या भिंतीच्या हिशेबानं उचलली.

एकच घाव. खिळा आत गेला. आत म्हणजे डोक्यासकट आत. आणि त्याच्या मागोमाग हातोडीही दोन सूत आत गेली. भिंतीतून थोडी पांढरी भुकटी खाली आली. पलीकडे इतका वेळ चालू असलेलं शिवणयंत्र थांबलं.

"अहो, काय पडलं?" माईंनी आतून विचारलं.

"पडलं नाही. गेलं," आबा म्हणाले.

दोन मिनिटांत दाराची बेल वाजली. शेजारच्या शिवणवाल्या बाई होत्या. गळ्यात मापाची फीत, दातांत टाचणी. महिनाभर लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती. त्यांनी टाचणी काढून फितीला लावली.

"आबा, तुमचा खिळा माझ्याकडे आलाय."

"तुम्हाला मी आबा हे कसं माहीत?"

"तीस दिवस ऐकतेय ना. खिळा एका गिऱ्हाइकाच्या कोटात शिरलाय. खिशाच्या जरा खाली. कोट भिंतीला लावला होता, आता निघत नाही. काजं करायचं काम माझं आहे आबा, तुमचं नाही."

आबा खजील झाले. पण खजील झालेला तपासनीसही आधी मापच बघतो. "कितपत बाहेर आलाय?"

"एक इंच."

"सव्वा असायला हवा," आबा पुटपुटले.

खिळा उपसायचा ठरला. अलीकडून पक्कड लावावी, तर खिळ्याचं डोकं भिंतीत बुडालेलं. तेव्हा बाईंनी त्यांच्या बाजूनं त्याला मागं ठोकायचं आणि आबांनी इकडून ओढून घ्यायचं, अशी तोड निघाली. बाईंकडे हातोडी नव्हती, म्हणून त्यांनी इस्त्री घेतली. शिंप्याची इस्त्री वजनाला कमी नसते. तिसऱ्या टोल्याला खिळा आबांच्या हातात आला. त्याच्याबरोबर भिंतीचा मुठीएवढा तुकडाही आला आणि पडलेल्या भोकातून बाईंचा एक डोळा दिसायला लागला.

"कोट सुटला," डोळा म्हणाला.

माई लगबगीनं आल्या. त्यांनी भोकाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि भोकाशी तोंड नेऊन विचारलं, "चहा घेणार का?"

"घेईन की. साखर कमी."

मुलगा आणि सूनबाई भाजीच्या पिशव्या घेऊन परत आले तेव्हा आबा खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते, आणि माई भिंतीतून रिकामा कप परत घेत होत्या. मुलानं पिशवी खाली ठेवली आणि बांधकाम कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. आबांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला, ही त्याची चूक झाली.

"ती भिंत वजन घ्यायला नाहीये सर," इंजिनियर शांतपणे म्हणाला. "दोन फ्लॅट वेगळे दिसावेत म्हणून आहे."

"दिसावेत?" आबा म्हणाले.

"म्हणजे कॅलेंडर चालेल काका. एका वर्षाचं."

आबा उठले आणि खुंटीवरचा जुन्या घराच्या किल्लीचा जुडगा त्यांनी खिशात टाकला. "ऐकलंस? एका वर्षाचं. मी अट घातली होती, तू कबूल झाला होतास. सह्या नाहीत, किल्ली नाही. आम्ही परत जातोय."

"बाबा, आईच्या गुडघ्यांचा विचार करा."

"तिला कधी तक्रार करताना ऐकलंय? चाळीस वर्षं चढली ती. चला सगळे. त्या चष्मेवाल्यांना तोंडावर नाही म्हणतो, आणि भिंत कशाला म्हणतात तेही तुला दाखवतो. हाच खिळा तुझ्यासमोर ठोकतो. तीन तास लागले नाहीत तर नाव बदलीन."

माईंनी फक्त एकदा लिफ्टच्या दिशेनं पाहिलं.

"मीपण येते," भोकातून आवाज आला. "तीन तास, चार खिळे, पाचवा बसला. मला तोंडपाठ झालंय. ती भिंत एकदा बघायचीच आहे."

सूनबाई भोकाची राखण करायला मागं राहिली आणि दुपारी चारच्या सुमाराला बाकीचे चौघं निघाले. चोपन्न पायऱ्या चढायला माईंना पाव तास लागला. प्रत्येक वळणावर त्या कठड्याला धरून उभ्या राहत आणि आबा प्रत्येक वळणावर कठड्याची तारीफ करत. दार उघडलं. रिकाम्या घराचा तो वास आला. सामान गेल्यावर खोल्या मोठ्या दिसतात म्हणतात; इथं त्या लहान दिसत होत्या. खिडकीखाली मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाचे चार ठसे होते. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मुलाची उंची पेन्सिलीनं दरवर्षी मापून लिहिलेली होती, सुतांसकट. मुलगा तिथं जाऊन उभा राहिला आणि सगळ्यात वरच्या रेघेवर त्यानं हात ठेवला. ती त्याच्या खांद्याशी येत होती.

समोरच्या भिंतीवर घड्याळामागचा फिकट चौकोन होता आणि त्याच्या वरच्या बाजूला तो प्रसिद्ध खिळा.

"हाच का तो?" शिवणवाल्या बाईंनी विचारलं.

"हाच," आबा म्हणाले आणि का कोण जाणे, त्यांनी विषय लगेच बदलला. "त्याला हात नको लावायला. आपण दुसरीकडे ठोकू."

तेवढ्यात चष्मेवालेही धापा टाकत पोचले. आपल्याला नकार मिळणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती. भिंतीशी काहीतरी चाललंय, एवढं पाहून ते नम्रपणे बाजूला उभे राहिले.

आबांनी खिडकीजवळ पेन्सिलीची फुली मारली.

"तिथं नको," माई म्हणाल्या.

"का?"

"तिथं... ऊन येतं."

आबांना खिळ्याचा आणि उन्हाचा संबंध कळला नाही, पण त्यांनी दोन हात सरकून फुली मारली.

"तिथंही नको हो."

"मग इथं?"

"तिथं तर मुळीच नको."

"आई, तुला काय झालंय?" मुलानं विचारलं.

माई दाराला टेकून उभ्या होत्या. पायऱ्यांनी लागलेली धाप अजून बसली नव्हती. त्यांनी गुडघा चोळला, दारातून खाली जाणाऱ्या जिन्याकडे एकदा पाहिलं, आणि मग आबांकडे. आबा हातात हातोडी धरून, शाळेतल्या पोरासारखे परवानगीची वाट बघत होते. माईंनी सुस्कारा सोडला.

"ठोका," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत्ता फुली मारलीत ना, तिथंच ठोका."

आबांनी खिळा लावला, पाय रोवले आणि तीन तासांच्या तयारीनं पहिला घाव घातला.

आधी कुरकुर ऐकू आली. मग फुलीच्या भोवती एक रेघ उमटली, ती रेघ वर गेली, बाजूला गेली, आणि दाराएवढा गिलावा एकदम सुटून आबांच्या पायाशी आडवा झाला. धूळ खाली बसायला वेळ लागला. धुळीमागं विटा होत्या, विटांमध्ये भोकं होती आणि भोकांत नाही नाही ते कोंबलेलं होतं. वर्तमानपत्राचे बोळे. साबणाचे तुकडे. कणकेची खळ वाळून झालेले गोळे. दंतमंजनाचा एक चपटा डबा.

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला.

मुलानं एका भोकातून घडी घातलेला कागद ओढला आणि उलगडला. "आई, ही माझी सहावीची गुणपत्रिका. ही उंदरानं खाल्ली होती ना?"

"गणितात बारा होते तुला. भोक आणि गुण, मला दोन्ही झाकायचं होतं."

"आणि हा मोजा," आबा खोल आवाजात म्हणाले. "कारखान्याचा मोजा आहे हा माझा. एकच. दुसरा मी सहा वर्षं जपून ठेवला होता."

"तुम्ही रविवारी ठोकायचे," माई म्हणाल्या, "मी सोमवारी बुजवायचे. तुम्ही कामावर गेलात की. विटा चांगल्या होत्या हो, खोटं कशाला बोलू. पण मधला चुना कधीच भुगा झाला होता. खिळा मारला की आतून सांडायचा. आरशाचा, फोटोंचा, फळीचे चार, छत्रीचा... एकदा तर तुम्ही नुसतंच ठोकून बघितलं होतं, काही लावायचंही नव्हतं. तुम्ही एवढं कौतुकानं भिंतीवर टकटक करायचे, मी कशाला मोडता घालू? झाकली मूठ राहिली."

"किती?" आबांनी विचारलं.

"चौदा. घड्याळाचा सोडून."

"घड्याळाचा काय?"

माईंनी खाली बघितलं. "तो दुसऱ्याच दिवशी निघाला. घड्याळ गादीवर पडलं म्हणून वाचलं. मी गवंडी बोलावला. त्यानं भिंत कोरून लाकडाची गिट्टी बसवली, चांगली मुठीएवढी जाड, वीतभर लांब, आणि तुमचाच खिळा तिच्यात ठोकला. घड्याळ चाळीस वर्षं त्या लाकडावर आहे. भिंतीवर नाही."

शिवणवाल्या बाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "तीन तास, चार खिळे."

आबा त्या फिकट चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिले. चष्मेवाल्यांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला धीर द्यावा. ते पुढं आले. "तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. ही भिंत मी तशीही काढणारच आहे. दोन खोल्यांचा एक हॉल करायचाय."

धीर देण्याचे अनेक प्रकार असतात, हा त्यातला नव्हता. मुलगा घाईघाईनं काही बोलणार होता, पण आबांनी हात वर केला. खिशातून जुडगा काढला. एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली: चौकटीवरच्या रेघा, टेबलाचे ठसे, जिन्यावर आपली वाट बघत असलेल्या पायऱ्या, आणि दाराला टेकून गुडघा चोळणारी माई. ती तक्रार करत नाही म्हणजे तिला दुखत नाही असं आपण चाळीस वर्षं धरून चाललो, हे त्यांना तेव्हा उमगलं, आणि ते माप आपण कधी घेतलंच नाही याची त्यांना फार लाज वाटली.

"सह्या करू," ते म्हणाले. "किल्ली घ्या. फक्त ती गिट्टी काढून न्यायची परवानगी द्या."

चष्मेवाल्यांनी आनंदानं दिली. ज्यांना अख्खी भिंत नको होती, त्यांना एक लाकूड कशाला हवं असणार?

गिट्टी निघाली खिळ्यासकट, आणि निघायला बराच वेळ घेऊन. नव्या घरी परतल्यावर आबांनी आधी ती मापली, मग भोक मापलं.

"भोक दोन सूत मोठं आहे," ते म्हणाले.

पलीकडून हात आत आला. त्यात कोटाच्या अस्तराच्या जाड कापडाची पट्टी होती. "ही गुंडाळा. कोटाचा खांदा यानंच उभा राहतो, तुमचं घड्याळही राहील." दोन्ही बाजूंनी सिमेंटचा लगदा भरला, सूनबाईनं थापीऐवजी उलथनं चालवलं, आणि शेजारच्या बाजूनं गिट्टीचं जे टोक बाहेर राहिलं, त्यावर बाईंनी आपला हँगर अडकवायचं जाहीर केलं. तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी, बुधवारी, ड्रिलवाला आला. त्याला चहा देऊन परत पाठवलं.

संध्याकाळी आबांनी घड्याळ उचलून खिळ्यावर ठेवलं, हात काढला, आणि तसाच खाली धरून पाच मिनिटं उभे राहिले. घड्याळ राहिलं. लंबक हलला. घरात महिन्याभरानं तो आवाज आला आणि माई आमटी ढवळता ढवळता थांबून बाहेर आल्या.

मुलगा-सून बाहेर गेले होते. दोघं शेजारी शेजारी बसून घड्याळाकडे बघत राहिले.

"रागावलात?" माईंनी विचारलं.

"कशाला?"

"चाळीस वर्षं सांगितलं नाही म्हणून."

आबा म्हणाले, "मी घड्याळ घेतलं तेव्हा काचेच्या डाव्या कोपऱ्यात एक बुडबुडा होता. मोहरीएवढा. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, तेव्हा तो नव्हता."

माईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. काच फुटली होती आणि आपण धावतपळत जाऊन ती बदलून आणली होती, हे त्या स्वतःही विसरल्या होत्या.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तू त्या संध्याकाळी इतक्या भीत भीत चहा आणून दिलास. कसं बोलणार?"

"आणि तरी आल्यागेल्याला ते तीन तास नि चार खिळे सांगत बसायचे?"

"मी सांगायला लागलो की तू खाली मान घालून हसायचीस," आबा म्हणाले. "ते बघायला सांगायचो. नाहीतर मला काय, एकदा सांगून भागलं असतं."

माईंनी नुसता आबांच्या हातावर हात ठेवला. आबांनी घसा साफ केला.

"पण एक सांगतो. घड्याळाचं मला माहीत होतं. मला वाटायचं, तेवढं एकच. बाकीच्या तेरा खिळ्यांचा मला खरंच पत्ता नव्हता."

"चौदा, आबा," भिंतीपलीकडून आवाज आला. "घड्याळाचा सोडून चौदा म्हणाल्या होत्या त्या."

माई दचकल्या. आबांनी मात्र वळून भिंतीकडे पाहिलं. एखाद्या परत पाठवलेल्या पान्याचं माप दुसऱ्यांदा बरोबर निघाल्यावर बघावं, तसं.

"बघ," ते माईंना म्हणाले. "जुन्या घरी ही चूक तशीच राहिली असती."